मडक्यातला फोन

फोन कुठल्या गावचा आहे हे मी गिऱ्हाइकाला न विचारता सांगू शकतो. चार्जिंगच्या भोकात सुई घालायची. काळी भुकटी निघाली की वणीचा, म्हणजे खाणीवरचा नाहीतर ट्रकवरचा. पांढरी रुई निघाली की मारेगावकडचा, जिनिंगच्या आसपास वावरणारा. शेंदूर निघाला की साहेब नुकतेच कळंबला चिंतामणीचं दर्शन घेऊन आलेले. एकदा एका फोनातून शिजलेला भात निघाला. पाण्यात पडलेला फोन तांदळात ठेवावा, असं त्या गृहस्थांना कोणीतरी सांगितलं होतं आणि त्यांनी ते घाईत, अर्धंच ऐकलं होतं.

मी हनीफ. वणीत बसस्टँडकडून बाजाराकडे जाताना डाव्या हाताला माझं दुकान आहे. कधी सुरू केलं, कोणाकडे शिकलो, हे लिहीत नाही. माझ्या मुलींनाही त्यात रस नाही, तुम्हाला कशाला असेल? संपादकसाहेब म्हणाले, "तुमच्या धंद्यातला एखादा हृद्य अनुभव द्या." हृद्य म्हणजे नेमकं काय हे मी विचारलं नाही. माझ्याकडे एका फुटणाऱ्या फोनचा अनुभव आहे, तो देतो.

कंपनीचं नाव लिहिणार नाही. माझ्याकडे वकील नाही, त्यांच्याकडे इमारतभर आहेत. फोन मात्र देखणा होता. हिरवट रंगाचा, हातात घेतला की निसटेल असा वाटणारा, आणि इतका पातळ की खिशात आहे की नाही ते चाचपून बघावं लागायचं. हा पातळपणाच पुढे भोवला. मी तसले अकरा विकले आणि बारावा स्वतःसाठी ठेवला. मिठाईवाल्यानं आपलीच जिलेबी खाऊन दाखवावी तसं गिऱ्हाइकाला भरोसा वाटतो.

त्या अकरातला एक कमलाबाई आडेंचा.

कमलाबाई मारेगावच्या पुढच्या तांड्यावरच्या. वय चौसष्ट. त्यांच्या पणज्यांनी बैलांवर मीठ लादून मुलूख पालथा घातला होता. आता त्यांची स्वतःची शेती आणि चार खोल्यांचं पक्कं घर. बाई ताठ. पण कान गेलेले. जवळ तोंड नेऊन ओरडलं तर थोडं कळायचं, बाकी सगळा कारभार समोरच्याच्या ओठांवर. मुलगी सुनीता नाशिकला मोठ्या दवाखान्यात नर्स. तिनं आईसाठी दोन्ही कानांची नव्या पद्धतीची मशीन घेतली. ती मशीन समोरच्या माणसाचं बोलणं तर ऐकवायचीच, पण फोनला जोडली की फोनवरचा आवाज थेट कानात सोडायची. अट एकच. कुठलाही फोन चालत नाही. मशीनच्या कंपनीची एक यादी आहे, त्या यादीतलाच फोन हवा. सुनीता यादी घेऊन माझ्याकडे आली. यादीतला एकच फोन माझ्या कपाटात होता, तो हिरवट.

मी फोन मशीनला जोडला. सुनीता रस्त्यापलीकडे रसवंतीपाशी जाऊन उभी राहिली आणि तिनं फोन लावला. कमलाबाई दचकल्या. आधी मागे पाहिलं, मग वर पंख्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे संशयानं.

"हे माह्या डोक्यात कायले बोलून राह्यली?"

मी रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. सुनीता हात हलवत होती आणि बोलत होती. काय बोलली ते मला माहीत नाही. कमलाबाई काउंटरवर दोन्ही हात ठेवून ऐकत राहिल्या. नंतर मला म्हणाल्या, "सहा वर्सं झाले हनीफभाई, फोनवर मी बोलत होती अन् ते आइकत होती. तिकडून ते काय म्हन्ते, मले काय मालूम? मी आपली बोलून फोन ठिऊन देओ."

मग निघता निघता त्यांनी विचारलं, "हा किती वर्सं चालन?"

गिऱ्हाइकाला बरं वाटेल असं बोलायची जिभेला सवय असते. मी म्हणालो, "तुम्ही आहे तोपर्यंत चालते, कमलाबाई."

आठ महिन्यांनी कंपनीचा निरोप आला. 'ग्राहकांची सुरक्षितता हेच आमचं सर्वोच्च प्राधान्य आहे.' हे वाक्य कंपनी लिहिते तेव्हा कुठेतरी काहीतरी जळालेलं असतं, एवढं मी अनुभवानं सांगतो. फोन गरम होतात, क्वचित पेटतात, म्हणून सगळे परत मागवले होते. विकणाऱ्यांनी आपापले फोन गोळा करून पाठवावेत. सोबत प्रत्येक फोनासाठी एक खास खोका आला, आतून चंदेरी कागद, बाहेर चहूबाजूंनी लाल ज्वाळांची चित्रं. ती चित्रं पाहून कुरिअरवाल्यानं भरलेले खोके उचलायला नकार दिला. नऊ दिवस ते माझ्या दुकानात होते. जागा नव्हती म्हणून मी त्यांच्यावरच डबा ठेवून जेवायचो.

फोन गोळा करणं हा वेगळाच धंदा निघाला. कोळशाच्या ट्रकांचे एक मालक म्हणाले, "आमचा ट्रकच कधी कधी पेटते, फोनचं काय घेऊन बसले?" कॉलेजातले एक प्राध्यापक फोन द्यायला लगेच तयार झाले, पण म्हणाले, "आतले काही फोटो पुसून द्या, मात्र न बघता पुसा." आता न बघता पुसायचं कसं? मी बोट फिरवायचो आणि ते शेजारी उभं राहून "उजवीकडे, उजवीकडे, हां, आता दाबा" असं सांगायचे. तरी शेवटी एक दिसलाच. सर भर वर्गात झोपलेले होते, फोटो विद्यार्थ्यानं काढून पाठवला होता. मी कोणाला सांगितलं नाही, हे पहिल्यांदाच लिहितो आहे.

आणि एक गृहस्थ होते, त्यांनी फोन साळ्याला, म्हणजे बायकोच्या भावाला, विकला होता. साळ्याशी शेताच्या बांधावरून भांडण. मी म्हणालो, "त्याला सांगा लवकर, फोन फुटू शकते."

"सांगतो ना," ते म्हणाले, "दोन-चार दिवस थांबू, काय घाई आहे?"

मीच त्या साळ्याकडे जाऊन फोन आणला.

दहा झाले. अकरावा कमलाबाईंचा. सांगावा पाठवला, तर फोनऐवजी त्या स्वतः आल्या. फोन बटव्यात, बटवा कमरेला.

"नवा देता काय?" त्यांनी विचारलं.

देत होते. पण कंपनीचा नियम असा, की आधी फोन जमा करायचा, मग दीड-दोन महिन्यांत बदली मिळणार. आणि बदलीत जे मॉडेल होतं ते मशीनच्या यादीत नव्हतं. म्हणजे ते गरम होणार नाही, पेटणार नाही, आणि सुनीताचा आवाजही येणार नाही. यादीतला दुसरा फोन वणी, मारेगाव, पांढरकवडा कुठेच मिळेना.

कमलाबाईंनी सगळं ऐकलं, जुन्या सवयीनं माझ्या ओठांवरूनही वाचलं आणि बटव्याची दोरी आवळली. "मंग राहू दे."

इथे बाहेरच्या माणसाला एक गोष्ट समजावून सांगतो. फोन विकला म्हणजे कंपनीचं काम संपत नाही. ती हवेतून दुरुस्त्या पाठवत राहते. रात्रीतून फोन म्हणतो, मी स्वतःला सुधारून घेतलं. याला सपोर्ट म्हणतात. एक दिवस कंपनी हे पाठवणं बंद करते. फोन त्या दिवशी मरत नाही. घंटी वाजते, दिवा लागतो. पण आतले ॲप एकेक करून नाक मुरडायला लागतात. आज बँकेचं म्हणतं मी इथे राहणार नाही, उद्या दुसरं म्हणतं. आणि परत मागवलेल्या मॉडेलला तर कंपनी कशाला जपेल? ते तिच्या लेखी घराबाहेर काढलेलं पोर. झालंही तसंच. कंपनीनं एकच शेवटची दुरुस्ती पाठवली, तीही फोन सुधारायला नाही, तर चार्जिंग चाळीस टक्क्यांवर अडवायला, म्हणजे लोक कंटाळून परत देतील. आणि कानातल्या मशीनचं ॲप उघडलं की वर एक पिवळी पट्टी यायची, इंग्रजीत. कमलाबाईंनी ती मला दाखवली.

"काय लिव्हलं?"

"लवकरच या फोनवर हे चालणार नाही, असं लिहिलं आहे."

"लवकर म्हंजे कधी?"

"ते लिहिलं नाही."

"लिव्हायले काय झालतं त्यायले?"

त्या दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी यायच्या, पट्टी दाखवायच्या, "लवकर आलं काय?" असं विचारायच्या आणि जायच्या.

आता माझं पाप. बारावा फोन, माझा स्वतःचा, मी परत केला नव्हता. मी मेकॅनिक. कंपनी लोकांना घाबरवते, आपण घाबरायचं कशाला, असा तोरा. मी तो उघडला, दुसऱ्या मॉडेलची चांगली बॅटरी शोधली, कडा जराशी घासून आत बसवली. तीन आठवडे झकास चालला. मी चार लोकांना दाखवला. मनात ठरवलं होतं, अजून आठ दिवस बघू आणि कमलाबाईंचाही असाच करून देऊ. म्हणजे त्यांचे कान वाचतील आणि आपलं नाव होईल.

दुपारी दीडचा सुमार. फोन काउंटरवर चार्जिंगला होता, मी एका बाईंच्या फोनची काच बसवत होतो. आधी वास आला, गोडसर, जळक्या नेलपॉलिशसारखा. या धंद्यात हा वास कळतो. मी वळलो तोवर फोनच्या कडेतून धूर सुटला होता. वाळूची बादली पायाशी होती. शहाण्यासारखं वाळू ओतायची सोडून मी फोन हातात धरला आणि बाहेर फेकायला निघालो. दारात पोहोचेपर्यंत तो फुसकारला. रस्त्यावर पडला आणि निळी ज्योत काढत स्वतःभोवती फिरला. रसवंतीवाल्यानं त्याच्यावर रसाचं पातेलं ओतलं. वणीत अजून लोक सांगतात की हनीफच्या फोनला उसाचा रस पाजावा लागला. ते हसण्यासारखं आहे, मी पण हसतो. पण उजव्या तळव्याची कातडी गेली. तीन बोटं अजून पूर्ण मिटत नाहीत. बारीक स्क्रू मी आता डाव्या हातानं धरतो.

नंतर उघडून पाहिलं तेव्हा कळलं. दोष बॅटरीत नव्हताच. फोनचं पोटच अरुंद होतं. बॅटरी तापून जराशी फुलली की तिला जागाच नाही. कुठलीही बॅटरी घाला, पेटायचं ते पेटणारच.

दवाखान्यात पट्टी बांधताना मला एकदम आठवलं. कमलाबाई फोन उशीखाली घेऊन झोपतात. त्यांनीच सांगितलं होतं. मशीन काढून झोपायचं असतं, मग पहाटे गजर ऐकू येत नाही, म्हणून फोन थरथरला की डोक्याला कळतं. डॉक्टरांनी आराम करा म्हटलं. मी शेजारच्या टायरवाल्याला म्हटलं गाडी काढ, आणि तसाच तांड्यावर गेलो.

कमलाबाई ओट्यावर तूर निवडत होत्या. त्यांचे मालक बाबुसिंगभाऊ बाजेवर. मी पट्टी बांधलेला हात समोर धरला आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पट्टीकडे पाहिलं, आतून हळद आणू काय विचारलं. मग म्हणाल्या, "तुहा हात जळला, वाईट झालं. पन तुहा हात जळला म्हून मी माहे कान देऊ काय?"

"कमलाबाई, उशीखाली पेटला तर डोकं जाईल."

"कान नाई तं डोकं काय करायचं आहे?"

बाबुसिंगभाऊ बाजेवरून म्हणाले, "डोकं राहू दे म्हनाव. मले लागते कधी कधी." इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं ते सर्वांत लांब वाक्य.

मी एक तास वाद घातला. बाई ऐकेनात. त्यांचं म्हणणं साधं होतं: कंपनीनं आधी यादीतला फोन द्यावा, मग हा घ्यावा. त्यात चूक काहीच नव्हती, फक्त कंपनी तसं करत नव्हती. शेवटी मी विचार केला, फोन सुटत नसेल तर निदान माणसापासून लांब ठेवू. फोन आणि मशीन यांच्यात दहा-बारा पावलांचं अंतर चालतं. अंगणाच्या टोकाला, कडुलिंबाच्या आळ्यापाशी, एक मोठं जुनं मडकं होतं. त्यात अर्ध्यापर्यंत वाळू भरली, वाळूवर एक फरशीचा तुकडा, त्याच्यावर फोन. घरात न्यायचा नाही, चार्जिंगही तिथंच, दिवसा, कोणीतरी समोर बसून. पहाटे उठवायचं काम बाबुसिंगभाऊंकडे. त्यांनी तेही मान हलवून कबूल केलं.

मी आनंदात होतो. एकच गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. ऐकू कानात येत होतं, पण बोलायचं मात्र फोनच्याच भोकात होतं. आणि फोन दहा पावलांवर, मडक्यात.

दुसऱ्या दिवसापासून तांड्याला नवी करमणूक मिळाली. दुपारी तीनला सुनीताची जेवणाची सुट्टी. तीनला मडकं थरथरायचं. शेजारचं कोणीतरी जाऊन आत हात घालून हिरवं बटण दाबायचं आणि लांब पळायचं. मग कमलाबाई ओट्यावरून, कमरेवर हात ठेवून, अंगणाच्या टोकाकडे ओरडायला सुरुवात करायच्या. गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत. सुनीताचं उत्तर फक्त त्यांच्या कानात, त्यांचं बोलणं सगळ्या तांड्यात. आठवडाभरात बायका पावणेतीनला कुंपणाशी तूर निवडायला येऊन बसू लागल्या. अर्धं संभाषण ऐकायचं आणि उरलेलं अर्धं आपापसांत जुळवायचं. सुनीताच्या सासूचं मुळव्याधीचं ऑपरेशन तांड्याला टाक्यांच्या आकड्यासह माहीत झालं. ती सासू पुढे तांड्यावरच्या एका लग्नाला आली तेव्हा चार बायकांनी तिला बसायला उशी दिली म्हणतात.

मी दर आठ दिवसांनी जायचो. फोन काचेवर सपाट ठेवायचा आणि कोपऱ्याला टिचकी मारायची. पोट फुगलेलं असेल तर फोन भिंगरीसारखा फिरतो. फिरत नव्हता. मी मडक्यात परत ठेवायचो आणि चहा पिऊन यायचो. माझ्या युक्तीचं मला कौतुक वाटायचं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या महिन्यात असाच गेलो होतो. तीन वाजले. मडकं थरथरलं. कुंपणाशी सात-आठ जणी. मी जवळ होतो म्हणून बटण मीच दाबलं. कमलाबाईंनी नेहमीसारखं ओरडून जेवलीस का विचारलं. मग थांबल्या. कानात काहीतरी चाललं होतं. बराच वेळ चाललं. त्यांनी तोंड उघडलं, कुंपणाकडे पाहिलं आणि मिटलं. एकदा फक्त "हां" म्हणाल्या, तेही इतकं हळू की मडक्यापर्यंत पोहोचलं नसणार. तिकडे सुनीता विचारत असणार, याडी, म्हणजे आई, ऐकू येतं का? कारण कमलाबाई एकदम मोठ्यांदा म्हणाल्या, "आइकू येऊन राह्यलं!" हे मराठीत. म्हणजे सुनीतासोबत आम्हा सगळ्यांनाही सांगितलं.

फोन बंद झाला. कुंपणाशी एकीनं विचारलं, काय झालं? कमलाबाई उठून आत गेल्या.

मी फोन काचेवर ठेवला, टिचकी मारली. तो अर्धा वळसा फिरला.

मी आत जाऊन त्यांना सांगितलं की पोट फुगायला लागलं, आता चार-आठ दिवसही नाहीत. त्या चुलीसमोर बसल्या होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "लेकरू रडून राह्यलं कानात, अन् मले 'रडू नको' म्हन्ता नाई आलं. कुंपनावर सारा तांडा बसला. काय म्हनू, वरडून म्हनू काय?"

का रडत होती ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. फोन बंद करून वाळूत पुरला आणि वणीला आलो. वाटेत माझ्या लक्षात आलं की मी दोन महिने चहा पीत त्या कुंपणाजवळच बसत होतो आणि हसत होतो.

कंपनीचे नागपूरचे अधिकारी क्षीरसागर. माणूस वाईट नाही, पण प्रत्येक गोष्टीला "वरून येऊ द्या" म्हणायचा. त्या संध्याकाळी मी त्यांना मडक्याचा फोटो पाठवला. मडक्यावर कंपनीचं नाव खडूनं मोठं लिहिलं होतं. ते मीच लिहिलं, आणि त्याचा मला जराही पश्चात्ताप नाही. खाली लिहिलं: 'आपला ग्राहक आपला फोन कसा वापरतो, बघा. परवापर्यंत यादीतला फोन आला नाही तर हा फोटो आधी पेपरवाल्याकडे आणि मग सगळ्या गावाच्या मोबाइलवर जाईल. माझी तुमच्याकडची एजन्सी काढून घ्यायची असेल तर घ्या, हात गेलाच आहे.'

दोन महिन्यांत जे वरून येत नव्हतं ते दोन दिवसांत आलं. क्षीरसागर स्वतः गाडी घेऊन आले. एका पिशवीत यादीतला नवा फोन, दुसऱ्या हातात ज्वाळावाला खोका, आणि कोपरापर्यंतचे जाडजूड हातमोजे. तांड्यावर उतरले तेव्हा लोकांना वाटलं, जनावरांचे डॉक्टर आले.

वेळ तीनच्या आधीची. कुंपण भरलं होतं. क्षीरसागर म्हणाले, "मॅडम, आधी जुना फोन जमा करून घेतो."

"आधी नवा कानाले लाव."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी कडुलिंबाकडे पाहिलं. त्यांनी हातमोजे काढले, जुना फोन पुरताना मी काढून ठेवलेलं सिम नव्यात घातलं आणि तो मशीनला जोडून दिला. कमलाबाईंनी तो उलटसुलट करून पाहिला.

"याचा सपोट किती वर्सं?"

"चार वर्षं, मॅडम."

"कोन्या दिवसापासून? मी हातात घेतल्यापासून, का तुमी बनवल्यापासून?"

हा प्रश्न इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं मला विचारला नव्हता, आणि मलाही सुचला नव्हता. क्षीरसागर म्हणाले, "बाजारात आल्यापासून."

"बाजारात कवा आला?"

"दीड वर्ष झालं."

"म्हंजे अडीच राह्यले. मंग?"

"मग... फोन चालेल. ॲपचं सांगता येत नाही, मॅडम. ते मशीनवाल्यांच्या हातात."

कमलाबाई माझ्याकडे वळल्या. मला ती नजर झेपेना. मी म्हणालो, "कमलाबाई, तुम्ही आहे तोपर्यंत चालते, असं मी म्हणालो होतो. ते मी नुसतं बोलून गेलो होतो."

"मले तवाच मालूम होतं," त्या म्हणाल्या. "तवा कान नवे होते, पन तोंड तं दिसत होतं ना तुहं."

क्षीरसागरांनी मडक्यातून जुना फोन चिमट्यानं काढला, खोक्यात ठेवला, चारी बाजूंनी पट्टी लावली. कागदावर सही घ्यायची होती. कमलाबाईंनी कागद बाबुसिंगभाऊंकडे सरकवला, त्यांनी क्षीरसागरांकडे सरकवला. तेवढ्यात तीन वाजले आणि नवा फोन कमलाबाईंच्या हातात थरथरला.

कुंपणाशी तुरीचा आवाज थांबला. सगळ्या जणी पुढे झुकल्या.

कमलाबाईंनी बटण दाबलं, फोन गालाशी धरला आणि काहीतरी म्हणाल्या. ओठ हलले, एवढंच दिसलं. मी तीन हातांवर होतो, मलाही ऐकू आलं नाही. कुंपणावरून एकजण ओरडली, "काय म्हन्ते सुनी?" कमलाबाईंनी तिकडे पाहिलंही नाही. त्या ओट्यावरून उठल्या, आमच्या मधून वाट काढत घरात गेल्या आणि त्यांनी दार आतून लावून घेतलं.

आम्ही अंगणात उभे. क्षीरसागरांच्या एका हातात खोका, दुसऱ्या हातात बिनसहीचा कागद. ते हळूच मला म्हणाले, "हनीफभाई, किती वेळ लागेल?"

"बसा," मी म्हणालो. "वेळ लागेल."

बाबुसिंगभाऊंनी बाजेवर आमच्यासाठी जागा केली.